जुन्या मोटारीचें अडखळणें व त्याची परीक्षा

बैल आजारी पडला असतां त्याला काय झालें हें पाहिल्यावांचून औषध पाजणारा शेतकरी विरळा. तो आधीं बैलाचें नाक पाहतो, तो रवंथ करतो कीं नाहीं हें पाहतो, शेण पाहतो, आणि मग उपायास लागतो. परंतु तोच शेतकरी आपली जुनी मोटार अडखळूं लागली म्हणजे कोणी सांगेल तो भाग विकत आणून तिला जोडतो, आणि तेवढ्यानें गुण आला नाहीं तर दुसरा आणतो. ही चूक मीं स्वतः केली आहे. म्हणून तिच्यापासून जें शिकलों तें बांधवांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. माझी हयात तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. यंत्रविद्येचें रीतसर शिक्षण मला नाहीं. तथापि दोष शोधण्याची रीत सर्वत्र एकच असते, असा मला अनुभव आला.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. या गाडीचा आपल्या शहराशीं थोडा संबंध पोहोंचतो. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत झाला. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें चालला. इटालींतील फियाट कंपनीच्या ‘११००’ या गाडीचें येथें घडलेलें रूप म्हणजे पद्मिनी होय. चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटर मापाचें, कार्बोरेटरवर चालणारें तिचें पेट्रोलचें यंत्र साधें व दणकट आहे. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सीहि निवृत्त झाली. परंतु खेडोपाडीं अशा कार्बोरेटरच्या मोटारी, जीपा व व्हॅना अद्याप आढळतात. पुढील विवेचन अशा सर्व गाड्यांस लागू आहे. डिझेलच्या यंत्रांस, तसेंच संगणकाच्या हुकमानें पेट्रोल सोडणाऱ्या नव्या गाड्यांस तें लागू नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत माझ्या गाडीस खोड लागली. ती उभी असतां यंत्र थरथरे व मधूनच बंद पडे. आणि ॲक्सिलरेटर दाबतांच क्षणभर दम कोंडल्यासारखें होऊन मग गाडी उसळी घेई. एका कारागिरानें प्लग बदलले, कॉइल बदलली, आणि शेवटीं कार्बोरेटरहि नवा बसविला. नऊ हजारांवर रुपये गेले, आणि दोष होता तसाच राहिला. त्याच दिवसांत एका रात्रीं माझ्या पुतणीस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. मोहोळ तालुक्यांतील आमच्या गांवाहून तिला सोलापुरास नेत असतां पुण्याच्या हमरस्त्यावर चढतेवेळींच गाडीनें दम टाकला. मागून मालमोटार येत होती. तिच्या चालकानें कर्णा वाजवीत आपलें वाहन कडेला घातलें, म्हणूनच निभावलें. बाळ-बाळंतीण आज सुखरूप आहेत. परंतु त्या क्षणीं मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या भावजयीनें जी किंकाळी फोडली, ती माझ्या कानांतून अजून गेलेली नाहीं. गाडीचें अडखळणें ही नुसती गैरसोय नव्हे. पुढें जाण्याच्या क्षणींच जी गाडी जागीं थबकते, ती बंद पडलेल्या गाडीहून अधिक घातक होय.

दुसऱ्या दिवशीं मीं ठरविलें कीं, कचेरींत एखाद्या तक्रारअर्जाची चौकशी करीत असूं त्या रीतीनें या दोषाची चौकशी करावयाची. आधीं पाहणी, मग साक्षी, मग निकाल. आणि एका वेळीं एकच फेरबदल.

दोष केव्हां होतो?

प्रथम एक वही घ्यावी. गाडी थंड असतांना अडखळते कीं तापल्यावर? उभी असतां थरथरते, कीं वेग घेतांना दम टाकते, कीं चढावर ओझें असतां झटके मारते? पाऊस पडल्यावर खोड वाढते काय? हें आठ दिवस लिहून ठेवावें. या नोंदीनेंच अर्धें काम होतें. त्याचें कारण कार्बोरेटरच्या रचनेंत आहे.

यंत्र मंदगतीनें चालतें तेव्हां कार्बोरेटरच्या गळ्यांतील झडप जवळजवळ मिटलेली असते. त्या वेळीं पेट्रोल एका बारीक निराळ्या वाटेनें, म्हणजे मंदगतीच्या जेटमधून येतें. गाडी वेगांत धांवते तेव्हां तें मुख्य जेटमधून येतें. या दोहोंमधील क्षण अवघड असतो. ॲक्सिलरेटर एकदम दाबला कीं हवा हलकी म्हणून लागलीच आंत घुसते, आणि पेट्रोल जड म्हणून मागें राहतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं कार्बोरेटरमध्यें एक लहान पंप असतो. तो त्या क्षणीं पेट्रोलची एक चिळकांडी सोडतो.

यावरून असा आडाखा बांधतां येतो. रस्त्यावर गाडी उत्तम चालते, पण उभी असतां थरथरते, तर मंदगतीचा जेट, बाहेरून शिरणारी हवा किंवा घट्ट बसलेला व्हॉल्व्ह यांचा संशय धरावा. उभी असतां शांत, पण दाबतांच दम टाकते, तर त्या लहान पंपाचा किंवा ठिणगीच्या वेळेचा संशय धरावा. ओझ्याखालीं वा चढावरच झटके मारते, तर पेट्रोल कमी पोहोंचत असेल किंवा ठिणगी दुबळी असेल. दोन्ही दोष एकत्र असतील, तर दोन्ही वाटांस सामाईक अशा जागीं पाहावें.

पहिली साक्ष : प्लग

यंत्र तापवून गाडी पांचसहा मैल चालवावी, मग बंद करून निवूं द्यावी, आणि चारही प्लग काढून ज्या क्रमानें काढले त्याच क्रमानें कागदावर मांडावे. कोणती तार कोणत्या प्लगची यावर आधींच खूण करावी. प्लगचें टोंक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरांत सर्व ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक व हवा कमी. पांढुरकें असेल तर हवा अधिक व पेट्रोल कमी. तेलकट ओलें असेल तर आंतलें तेल वर येत आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. पाटाच्या पाण्यावर चार वाफे असतां एकच वाफा कोरडा राहिला, तर आपण त्या वाफ्याचें दार पाहतों; चारही कोरडे राहिले, तर पाटाच्या मुखाशीं जातों. प्लगचेंहि तसेंच. एकच प्लग बिघडला असेल तर दोष त्याच सिलिंडरचा, म्हणजे प्लग, त्याची तार किंवा व्हॉल्व्ह यांत असावा. चारही एकसारखे असतील तर दोष सामाईक वाटेवर आहे. माझे चारही प्लग पांढुरके निघाले. तेवढ्यानें मला कळलें कीं, हवा अधिक होत आहे आणि ती चौघांनाहि होत आहे. हे प्लग कारागिरानेंहि काढले होते. परंतु नवे बसवून जुने त्यानें न पाहतांच टाकून दिले होते. साक्षीदारच नाहींसा केल्यावर निकाल कसा लागावा?

ठिणगीची परीक्षा

तरीहि ठिणगीची परीक्षा सोडूं नये, कारण जुन्या गाडींत बहुधा एकाहून अधिक उणिवा असतात. यंत्र मंदगतीनें चालूं असतां रबरी मुठीच्या पक्कडीनें एकेका प्लगची टोपी काढून लगेच परत लावावी. टोपी काढतांच यंत्राची चाल अधिक बिघडली तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर तोच सिलिंडर निजलेला आहे. या तारांत हजारों व्होल्टचा दाब असतो. म्हणून ओल्या हातांनीं, किंवा ज्यास हृदयविकार आहे त्यानें, हें काम करूं नये.

डिस्ट्रिब्युटरचें झांकण उघडून पॉइंट पाहावे. त्यांच्या तोंडांवर खड्डे व उंचवटे पडले असतील तर ते बदलावेत, व त्यांमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावें. या जातीच्या गाड्यांत तें सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असतें. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळत असतील तर कंडेन्सर बिघडला आहे असें समजावें. ठिणगी निळसर व कडकडीत असावी. पिवळी व रोड ठिणगी दुबळी होय. झांकणास किंवा तारांस चीर असल्यास ती दिवसा दिसत नाहीं. रात्रीं अंधारांत यंत्र चालूं करून पाहिलें, तर जेथून वीज गळते तेथें बारीक चमक दिसते. पावसाळ्यांत सकाळीं अडखळणाऱ्या पुष्कळ गाड्यांचें कारण हेंच असतें. कोरड्या फडक्यानें झांकण आंतून-बाहेरून पुसलें तरी त्या सुरळीत चालतात.

चोरवाटेनें शिरणारी हवा

यंत्रांत जाणारी सर्व हवा गाळणींतून व कार्बोरेटरच्या गळ्यांतून मोजून जावी, अशी योजना असते. परंतु कार्बोरेटरच्या बुडाखालचें गॅस्केट चिरलें, किंवा एखादी रबरी नळी फाटली, तर न मोजलेली हवा मधूनच आंत शिरते. मंदगतींत यंत्राचें ओढणें सर्वांत जोराचें आणि त्याची हवेची गरज सर्वांत थोडी असते. म्हणून लहानशी चीरहि त्या वेळीं मोठा गोंधळ करते.

हिची परीक्षा सोपी आहे. यंत्र मंदगतीनें चालूं ठेवून सांध्यांवर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब सोडावेत. जेथें थेंब पडतांच यंत्राचा आवाज बदलतो, तेथें चीर आहे. कित्येकजण यासाठीं पेट्रोल शिंपडतात. तें कदापि करूं नये. तापलेल्या यंत्रावर पेट्रोल शिंपडणें म्हणजे कडब्याच्या गंजीशेजारीं चूल पेटविणें होय.

माझ्या गाडींत कार्बोरेटरच्या बुडाशीं थेंब पडले मात्र, यंत्राची थरथर क्षणभर थांबली. कार्बोरेटर नवा होता. पण त्याखालीं गॅस्केट जुनेंच बसविलें होतें, आणि तें एका कोपऱ्यांत चिरलें होतें.

पेट्रोल व त्यांतील मद्यार्क

नवें गॅस्केट बसवितांच दम टाकणें थांबलें. मंदगतींतील थरथर पुष्कळ कमी झाली, पण पुरती गेली नाहीं. म्हणून चौकशी पुढें चालविली. पेट्रोलच्या गाळणींत काळे बारीक कण सांपडले. नळी कापून पाहिली तों आंतलें रबर कुजून त्याचे पापुद्रे सुटत होते. तेच मंदगतीच्या जेटमध्यें अडकले होते.

याचें कारण आपणां ऊस पिकविणारांस विशेष जाणण्यासारखें आहे. उसापासून निघणारें मद्यार्क, ज्यास इथेनॉल म्हणतात, पेट्रोलमध्यें मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीं मिरज व मनमाड येथें झाले. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा पांच मिसळ सुरू झाली. २०२२ सालीं ती शेंकडा दहावर व २०२५ सालीं शेंकडा वीसवर गेली. आपल्या उसास त्यामुळें एक गिऱ्हाईक वाढलें, हें उघड आहे. परंतु जुन्या गाड्या या मिसळीसाठीं घडविलेल्या नाहींत. त्यांच्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे व वॉशर मद्यार्कानें फुगतात किंवा कुजतात. टाकींतील जुना गाळ सुटून गाळणींत येतो. दुसरें असें कीं, एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो मद्यार्कास सुमारें ९ किलोच लागते. म्हणून पूर्वींच्याच जेटमधून मिसळ सोडली असतां हवा थोडी अधिक ठरते, आणि गाडी दुबळी पडते. तिसरें असें कीं, मद्यार्क हवेंतील ओल शोषतें, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालें म्हणजे तें मद्यार्कासह टाकीच्या तळाशीं बसतें. माझी गाडी आषाढांत महिनाभर अर्ध्या टाकीनिशीं अंगणांत उभी होती, हें मला त्या वेळीं आठवलें. दोष गाडीचाहि नव्हता आणि उसाचाहि नव्हता. तो माझ्या हयगयीचा होता.

उपाय कठीण नाहींत. मद्यार्कास टिकणाऱ्या जातीच्या नळ्या घालाव्यात. पंपाआधीं कांचेची किंवा पारदर्शक गाळणी बसवावी, म्हणजे गाळ डोळ्यांस दिसतो. पावसाळ्यांत गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असल्यास टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे ओलसर हवेस जागा राहत नाहीं. आणि जुनें पेट्रोल महिनोगणती सांठवूं नये. जेट वाऱ्याच्या झोतानें साफ करावा. तार किंवा सुई घालूं नये, कारण भोंक किंचित मोठें झालें तरी त्याचें माप कायमचें बिघडतें.

आणखी दोन गोष्टी. टाकीच्या बुचास हवेसाठीं बारीक भोंक असतें. तें धुळीनें बुजलें तर गाडी दोनचार मैल नीट जाऊन मग गळफास बसल्यासारखी अडखळते. बूच सैल करतांच सुसकारा ऐकूं आला तर दोष तोच. आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखांत, पारा चाळीस अंशांवर चढला म्हणजे, पंपांत व नळींत पेट्रोलची वाफ धरते व गाडी थांबते. पंपावर ओलें फडकें टाकून पावघटका थांबावें, आणि नळी तापलेल्या भागांपासून दूर बांधावी.

दाबाची परीक्षा

वरील सर्व ठीक असूनहि एकच सिलिंडर निजलेला राहत असेल, तर दाब मोजावा. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पुरा दाबून, एकेका भोंकांत दाबमापक लावावा व स्टार्टर फिरवावा. आकडा किती आला यापेक्षां चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत कीं नाहींत, हें महत्त्वाचें. एक फार खालीं असेल तर त्या भोंकांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. वाढला नाहीं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं. मात्र त्याआधीं टॅपेटचें अंतर तपासावें. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं व जळतो. वेळींच अंतर ठेवल्यास मोठा खर्च वांचतो.

जुळवणीचा क्रम

पुष्कळांची चूक अशी कीं, यंत्र थरथरलें कीं प्रथम कार्बोरेटरचे स्क्रू पिळतात. तें काम सर्वांत शेवटचें आहे. आधीं टॅपेट, मग प्लग व पॉइंट, मग ठिणगीची वेळ, मग हवेची गाळणी व सांधे, आणि अखेरीस कार्बोरेटर. पॉइंटचें अंतर बदललें कीं ठिणगीची वेळहि बदलते. म्हणून हा क्रम उलटा करूं नये. शेवटीं तापलेलें यंत्र मंदगतींत ठेवून मिसळीचा स्क्रू हळूहळू आंत फिरवावा. यंत्र अडखळूं लागलें कीं परत बाहेर घ्यावा, व जेथें चाल सर्वांत शांत लागेल तेथें सोडावा. मग वेगाचा स्क्रू बेताचा करावा. यानंतर धुराची तपासणी करून घ्यावी. पंधरा वर्षांवरील गाडीस नोंदणी पुढें चालविण्यासाठीं योग्यतेचा दाखला लागतो. नीट जुळविलेली गाडी त्या तपासणींतहि अडत नाहीं.

माझ्या गाडीस शेवटीं एक गॅस्केट, दोन हात नळी व एक गाळणी लागली. त्यांचा खर्च चारशें रुपयांच्या आंत झाला. तो कारागीर लबाड होता असें मी म्हणत नाहीं. त्याच्या हातांत कसब होतें. परंतु मीं त्याला ‘लवकर करा’ एवढेंच सांगितलें, आणि गाडी केव्हां व कशी अडखळते हें विचारण्यास त्याला सवड दिली नाहीं. आतां मी कारागिराकडे जातांना वही बरोबर नेतों, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घेतों.

ज्या गांवांत अशा तीनचार जुन्या गाड्या आहेत, तेथील सभासदांनीं मिळून एक दाबमापक, एक अंतरमापक पट्ट्यांचा जुडगा व प्लगचा एक चांगला पाना घ्यावा, आणि गरज पडेल त्यानें तो न्यावा, अशी माझी सूचना आहे. आमच्या गांवीं हे जिन्नस माझ्या ओसरीवर ठेवले आहेत. मात्र नेणारानें वहींत नांव, तारीख व सांपडलेला दोष लिहावा, एवढी अट आहे. गेल्या वर्षभरांत त्या वहींत अकरा नोंदी झाल्या आहेत; त्यांपैकीं चार नोंदी टाकीच्या बुचाच्याच आहेत.